राजीनाम्याचं पान

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाच्या इतिहासाच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं त्या रविवारी, पुस्तक हातात पडल्यावर लोक पहिल्यांदा काय करतात हे मी स्टेजवरून बघत होतो. प्रस्तावना कोणीही उघडली नाही. सगळ्यांनी थेट मागची नावांची सूची काढली, आपलं आडनाव शोधलं आणि त्या पानावर उडी मारली. ज्यांचं नाव दोनदा आलं होतं ते शेजाऱ्याला दाखवत होते. ज्यांचं आलंच नव्हतं ते प्रमुख पाहुण्यांचं भाषण लक्ष देऊन ऐकत होते. मी मंडळाचा खजिनदार. मंडळाच्या तिजोरीत मोजण्यासारखं फार काही नसतं, म्हणून मी माणसं मोजतो.

पहिल्या रांगेत अरविंदराव बसले होते. वय शहाऐंशी, एके काळचे वकील. नजर अधू झाल्यामुळे त्यांची सून अहल्या त्यांच्या कानाशी लागून वाचून दाखवत होती. त्यांच्या दुसऱ्या बाजूला वसंतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे मिरजेचे, अरविंदरावांचे शेजारी. हे दोघे रोज संध्याकाळी टावर चौकापर्यंत फेरी मारतात, वसंतराव कोपराला धरून आणि अरविंदराव बोलत. फ्रीगंजमध्ये अशी दोस्ती दुसरी नाही, असं आम्ही नव्या पोरांना सांगतो. वसंतरावांनी मात्र आपलं पुस्तक उघडलंच नव्हतं. पाहुण्यांना द्यायची भेरूगढ छापाची चादर मांडीवर घेऊन ते तिच्या घड्या सारख्या करत बसले होते.

अहल्या वाचता वाचता थांबली.

‘पुढे वाच,’ अरविंदराव म्हणाले.

‘बाबा, घरी जाऊन वाचू.’

‘इथेच वाच.’

तिनं वाचलं. मला स्टेजवरून शब्द ऐकू आले नाहीत, पण अरविंदरावांचा चेहरा दिसला. आपणच उभा केलेला साक्षीदार भर कोर्टात उलटला की वकिलाचा चेहरा जसा होईल, तसा तो झाला होता. त्यांनी तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं. मग उठून उभे राहिले. प्रमुख पाहुणे मराठी माणसाच्या सहिष्णुतेवर बोलत होते, त्यांना वाटलं हे टाळ्या वाजवायला उठले, म्हणून ते क्षणभर थांबले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अरविंदरावांनी सुनेचा हात धरला आणि स्टेजच्या बाजूच्या ऑफिसच्या खोलीत गेले.

या पुस्तकातून त्यांना काय हवं होतं हे मला माहीत होतं, कारण पुस्तकाचं ठरलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावलं होतं. म्हणाले होते, श्रीनाथ, मला फोटो नको, सत्कार नको. हॉल कसा वाचला एवढं लिहून ठेवा. माझ्यानंतर सांगणारं कोणी नाही.

ज्या हॉलमध्ये आम्ही त्या दिवशी बसलो होतो, त्याच हॉलची ही गोष्ट. चौऱ्याऐंशी साली खालच्या भाडेकरूनं अख्खी जागा आपलीच असल्याचा दावा ठोकला होता. अरविंदराव तेव्हा मंडळाचे कार्यवाह. तारखांवर तारखा पडत होत्या, आणि वकील कार्यवाह असूनही केस हलत नाही म्हणजे हा भाडेकरूला आतून मिळालेला असणार, अशी कुजबूज सुरू झाली. कुजबूज करायला आपल्या लोकांना पुरावा लागत नाही, चहा लागतो. मग एक दिवस अरविंदराव त्या भाडेकरूला स्वतः कोर्टात घेऊन गेले आणि मामला मिटवून आले. रस्त्याकडचं एक शटर, म्हणजे दुकान, त्याचं, वरचा हॉल आणि मागची जागा कायमची मंडळाची. हॉल वाचला. पण मंडळानं रीतसर त्यांना शाबासकी दिली नाही. नंतरच्या चाळीस वर्षांत त्यांना मंडळाच्या एकाही समितीवर कोणी बोलावलं नाही. ते स्वतः याचं कारण हसून सांगत: लोकांना वकिलाची भीती वाटते.

पुस्तक दोघांनी लिहिलं. एक आमचे भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, आणि ते दफ्तर आपल्याच खांद्यावर आहे अशा चालीनं भय्यासाहेब अजून चालतात. उज्जैनच्या मराठी घरांपैकी कोणाकडे कोणाची मुलगी, कोणाशी कोणाचा अबोला, सगळं त्यांना तोंडपाठ. लिहितात बोलतात तसंच, आणि बोलतात तेव्हा मराठी कुठे संपली आणि हिंदी कुठे सुरू झाली याची त्यांना स्वतःलाही खबर नसते. दुसऱ्या अपर्णाताई. मूळच्या नाशिकच्या, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीबरोबर इथे आल्या आणि शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचं लिखाण इस्त्रीचं. त्यांच्या मराठीत गोष्टी कोणी करत नाही, त्या होतात: ठराव संमत होतो, मतभेद निर्माण होतात, तोडगा निघतो.

दोघांची प्रकरणं एकाआड एक लावली तेव्हा कार्यकारिणीला वाचायला त्रास झाला. दोन माणसं एकाच माईकसाठी ओढाताण करताहेत, असं वाटत होतं. अपर्णाताईंनी उपाय सुचवला. एआयला नमुना दिला की ते सगळ्या पुस्तकाचा आवाज एक करून देतं. माहितीला हात लावायचा नाही, फक्त आवाज सांभाळायचा, अशी सूचना त्यांनी स्वतः त्याला दिली. नमुना म्हणून आपली तीन प्रकरणं दिली, कारण ती आधीच टाइप झालेली होती. हे कारण त्यांनी सांगितलं आणि आम्ही मानलं. भय्यासाहेबांची एकच अट होती, मुखपृष्ठावर त्यांचं नाव आधी यावं.

प्रूफं आली तेव्हा भय्यासाहेब भडकले होते, ते वेगळ्या कारणानं. त्यांनी लिहिलं होतं की जुन्या बैठकीत पोह्यांवर सेव भुरभुरवून द्यायचे. एआयनं ‘सेव’चं ‘शेव’ केलं होतं. भय्यासाहेबांनी मीटिंगमध्ये चहा थंड होईपर्यंत सेव या विषयावर भाषण केलं. उज्जैनमध्ये जन्मलेल्या माणसानं शेव का खावी, सेव म्हणायला आता बंदी आहे काय, आणि लवंगची सेव तुमच्या नाशकात मिळते तरी का. अखेर सेव परत आली. लेखकांखेरीज प्रूफं आणखी तिघांना वाचायला दिली होती. तिघांनी आपापल्या आजोबांची नावं तपासली आणि ओके लिहून परत केली.

तर मी पाहुण्यांचं आभारप्रदर्शन दुसऱ्यावर ढकलून ऑफिसच्या खोलीत गेलो. अरविंदराव खुर्चीत बसले होते. अहल्या पुस्तक उघडं धरून उभी होती. वसंतराव पाठोपाठ आले होते, कारण अरविंदराव जिथे जातात तिथे ते पाठोपाठ जातात. मी भय्यासाहेबांना आणि अपर्णाताईंना बोलावून घेतलं. अहल्यानं ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं:

आरोपांच्या या काळात अरविंदरावांनी राजीनामा दिला आणि प्रकरणावर पडदा पडला. पुढे संस्थेच्या कोणत्याही पदावर ते दिसत नाहीत.

बाहेर टाळ्या वाजल्या.

अरविंदरावांनी विचारलं, ‘हे कोणी लिहिलं?’

भय्यासाहेब म्हणाले, वाक्य आपलं नाही, आपल्या वाक्यांवर पडदे पडत नाहीत. अपर्णाताई म्हणाल्या, हे प्रकरण आपलं नव्हतंच, भय्यासाहेबांचं होतं. भय्यासाहेब म्हणाले, प्रकरण माझं, वाक्य तुझं. त्या म्हणाल्या, माझं नाही हो. मी आजवर पुष्कळ लेखक बघितले आहेत, दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणणारे. छापलेल्या वाक्याला कोणीच वारस नाही, आणि मुखपृष्ठावर तर दोन नावं, हा प्रकार मी पहिल्यांदाच बघत होतो. पुस्तकं वाटून झाली होती. बाहेर दीडशे घरांच्या हातात ते पान होतं.

अपर्णाताईंनी लॅपटॉप आणला होता. त्यांनी भय्यासाहेबांच्या मूळ कागदांवरून टाइप केलेला मजकूर काढला. दोनदा चुकीची फाइल उघडली. मूळ वाक्य असं होतं:

लोक काहीबाही बोलत होते, पण अरविंदनं हिंमत करून राजीनामा केला, मामला निपटवला, हॉल वाचला. त्यानंतर त्याला कोणी कोणत्या पोस्टवर बोलावलं नाही, ही आमची गलती.

‘एकदम सही लिहिलंय मी,’ भय्यासाहेब म्हणाले. ‘यात काय गडबड आहे?’

अपर्णाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘भय्यासाहेब, राजीनामा म्हणजे पद सोडणं.’

‘पद सोडणं म्हणजे इस्तीफा, बाई. राजीनामा म्हणजे दोन्ही पार्ट्या राजी झाल्या. कोर्टात लिहून देतात तो. दोघं राजी, म्हणून राजीनामा. एवढं पण माहीत नाही?’

मला सांगायला पाहिजे की मलाही तेच माहीत होतं. इथे जन्मलेल्या कोणालाही विचारा. कोर्टात दोन भावांची वाटणी मिटली की राजीनामा झाला म्हणतात, आणि साहेब पद सोडून गेला की इस्तीफा दिला म्हणतात. मराठी वर्तमानपत्र वाचताना मंत्र्यानं राजीनामा दिला असं आलं की ते आम्हाला कळतं, पण ती पुस्तकी गोष्ट. घरात, तोंडात, राजीनामा म्हणजे समझोता.

अपर्णाताई खुर्चीवर बसल्या. प्रूफ तर दोघांनीही वाचलं होतं. भय्यासाहेबांनी ‘राजीनामा दिला’ वाचलं आणि बरोबर आहे, समझोता लिहून दिला, असं म्हणून पुढे गेले. ताईंनी तेच वाचलं आणि बरोबर आहे, पद सोडलं, असं म्हणून पुढे गेल्या. एकाच आवाजातल्या एका वाक्यावर दोघांनी मान डोलावली होती, आणि दोघांना दोन वेगळे अरविंदराव दिसले होते.

ताईंनी तिथेच एआयला विचारलं, असं का केलंस. त्यानं सविस्तर आणि नम्र उत्तर दिलं. नमुन्याच्या आवाजात राजीनामा हा शब्द पद सोडण्याच्या अर्थानं येतो, म्हणून ‘केला’चं ‘दिला’ केलं. नमुन्यात लेखक स्वतःच्या भावना मांडत नाही, म्हणून ‘ही आमची गलती’ काढलं. पद सोडण्याचा आणि हॉल वाचण्याचा संबंध जुळेना, म्हणून हॉलचं वाक्य पुढच्या परिच्छेदात नेलं. तिथे बघितलं तर खरंच होतं: पुढे न्यायालयाबाहेर तोडगा निघून सभागृह संस्थेकडे राहिलं. तोडगा कोणी काढला ते नाही. तो निघाला. मग एआयनं चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि हवं तर तेच वाक्य त्याच आवाजात नव्यानं लिहून देण्याची तयारी दाखवली. इतकी झटपट माफी मी मंडळात कधी बघितली नाही. आमच्याकडे दोन अध्यक्ष गेले तरी पहिल्याची दिलगिरी बाकी असते.

चूक सापडली म्हटल्यावर खोलीतली हवा जरा सैल झाली. मी म्हटलं, छोटी चिठ्ठी छापून त्या पानावर चिकटवू, घरोघरी मी स्वतः फिरेन. भय्यासाहेब म्हणाले, चिठ्ठीत सेव लिही, शेव नको. अहल्यासुद्धा हसली. अरविंदरावांचा रंग परत आला होता. ते शेजारच्या खुर्चीकडे वळले आणि म्हणाले, ‘ऐकलंस का वसंत? मशीननं मला चोर बनवून टाकलं.’

वसंतराव हसले नाहीत.

मी त्यांच्याकडे बघितलं. मिरजेचा माणूस, तोंडावर सहसा काही दिसू देत नाही. त्या वेळी मात्र डब्यात चुकीच्या बर्थवर रात्रभर झोपलेला माणूस सकाळी टीसीसमोर दिसतो, तसे दिसत होते.

‘काय रे?’ अरविंदरावांनी विचारलं.

‘म्हणजे तू पद सोडलं नव्हतंस?’

‘मुदत संपेपर्यंत होतो की. दुसऱ्या वर्षी निवडणूक झाली, मी उभाच राहिलो नाही.’ मग ते थांबले. नजर नाही, पण कान शाबूत आहेत. ‘तू काय समजत होतास?’

वसंतरावांनी आपलं न उघडलेलं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं.

‘वसंत.’

‘मी पंच्याऐंशीत बदलून आलो,’ वसंतराव म्हणाले. ‘पहिल्या गणपतीला भय्यासाहेबांनी ओळख करून दिली. हे अरविंदराव, म्हणाले, यांनीच राजीनामा केला होता. सगळ्यांसमोर. मला वाटलं, काय माणूस आहे, तोंडावर असं बोलतो. आणि तू हसत होतास.’

‘हसणारच. तो तारीफ करत होता.’

‘मला काय माहीत?’

भय्यासाहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांना जे दिसत होतं ते मलाही दिसायला लागलं. भय्यासाहेब हे वाक्य एकट्या वसंतरावांना बोलले नव्हते. बदलून आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब, बँकेचं, रेल्वेचं, शिक्षण खात्याचं, पहिल्या गणपतीला हॉलवर यायचं, आणि भय्यासाहेब त्याला कौतुकानं अरविंदरावांसमोर नेऊन उभं करायचे. हा आमचा अरविंद, यानंच राजीनामा केला. नवा माणूस हात मिळवायचा आणि चटकन सोडायचा. मी बाजूला प्रसादाची पुडी घेऊन उभा असायचो. हात चटकन सुटतो हे मी बघितलं होतं. वकिलाचा दबदबा आहे, असं म्हणून तो मी त्यांच्या जमेच्या बाजूला मांडला होता.

खात्री करायची म्हणून मी बाहेर हॉलमध्ये गेलो. पाहुणे गेले होते, लोक पोह्यांच्या प्लेटा घेऊन उभे होते. मी एका निवृत्त बँक मॅनेजरला सहज विचारल्यासारखं विचारलं, अरविंदरावांचं पान बघितलं का. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं की खरं असलं तरी छापायला नको होतं, बिचारा आता म्हातारा झाला आहे. पोस्टातल्या एका बाईंनीही तेच सांगितलं, फक्त ‘बिचारा’ वगळून. तिसऱ्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही. एआयनं नवीन काही केलं नव्हतं. आमच्यातले अर्धे लोक चाळीस वर्षं जे मनात वाचत होते, ते त्यानं छापून दिलं होतं.

मी परत आलो तेव्हा खोलीत कोणी जागचं हललं नव्हतं. अरविंदराव बोलत होते, कोर्टात बोलायचे तसे, आवाज न चढवता.

‘तू मला चोर समजत होतास, आणि रोज माझा हात धरून फिरायला येत होतास?’

‘चोर असं नाही.’

‘मग काय?’

वसंतराव जे म्हणाले ते माझ्या मते त्यांनी मायेनंच म्हटलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

‘अरविंद, मी तुला केव्हाच माफ केलं होतं.’

अहल्याच्या हातातलं पुस्तक मिटलं. अपर्णाताईंनी डोळ्यांना पदर लावला. मला अरविंदरावांकडे बघवेना, पण नजरही हटेना. अरविंदरावांची बायको गेली तेव्हा तेरा दिवस वसंतरावच त्यांच्याकडे झोपायला होते. डोळ्यांच्या ऑपरेशनला इंदूरला तेच घेऊन गेले. त्या सगळ्याकडे अरविंदराव मैत्री म्हणून बघत आले होते. आता कळत होतं की ते सगळं वसंतरावांच्या मोठेपणाच्या खात्यावर जमा होत होतं. तिकडे वसंतरावांचीही अवस्था बघण्यासारखी नव्हती. इतकी वर्षं मनात जपलेलं एकुलतं एक मोठेपण म्हणजे एका डागाळलेल्या माणसाला आपण जवळ केलं हे, आणि तो डागच नव्हता.

‘केव्हा माफ केलंस?’ अरविंदरावांनी विचारलं.

‘आता तारीख कशी सांगू? वहिनींनी आमच्या मुलीच्या टायफॉइडमध्ये रोज डबा पाठवला, त्याच सुमाराला.’

‘म्हणजे डबा पोचला आणि मी सुटलो.’

‘असं नको बोलूस.’

‘मला सांगायचं तरी. एकदा म्हणायचं, अरविंद, तू जे केलंस ते मी विसरलो. मी विचारलं असतं, काय केलं. तिथल्या तिथे खुलासा झाला असता.’

‘तुला वाईट वाटलं असतं.’

‘आणि तुझी माफी वाया गेली असती.’

यावर वसंतरावांनी मान खाली घातली. भय्यासाहेब मध्ये पडायला गेले. म्हणाले, जाऊ दे ना यार, झालं ते झालं, वसंत दिलाचा साफ आहे. अरविंदरावांनी त्यांना हातानंच गप्प केलं. मग मला म्हणाले, श्रीनाथ, चिठ्ठीचं काय म्हणत होतास?

अपर्णाताईंनी घाईघाईनं मजकूर सुचवला. अरविंदरावांनी तडजोड केली, असं स्पष्ट लिहू. अरविंदराव म्हणाले, तडजोड म्हटलं की मी काहीतरी पदरात पाडून घेतलं असं वाटतं, तो शब्द नको. भय्यासाहेब म्हणाले, मी लिहितो. त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही लिहिलंत तर अर्धे लोक पुन्हा उलटंच समजतील, आणि ताईंनी लिहिलं तर उरलेले अर्धे. एआयचा विषय ताईंनी स्वतःच काढला नाही.

‘वसंत लिहील,’ अरविंदराव म्हणाले.

वसंतराव दचकले. त्यांनी जन्मात अर्जापलीकडे काही लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, मी लेखक नाही, मला जमायचं नाही. अरविंदराव म्हणाले, चाळीस वर्षं तू मनात जे लिहिलंस ते तर जमलं की. आता कागदावर लिही.

मी कोरा कागद दिला, पेन दिलं. वसंतराव टेबलाशी बसले. बाहेर प्लेटा गोळा होत होत्या, खुर्च्या एकावर एक चढत होत्या. ते लिहायचे, खोडायचे, खिडकीतून खाली त्या शटरकडे बघायचे. आम्ही चौघं एका माणसाच्या पाठीकडे बघत उभे होतो, आणि कोणालाही खोलीबाहेर जावंसं वाटत नव्हतं. अखेर त्यांनी कागद अहल्याकडे दिला. तिनं मोठ्यानं वाचला:

चौऱ्याऐंशी साली अरविंद यांनी कोर्टात दोन्ही बाजू राजी करून राजीनामा केला, म्हणून हा हॉल आपल्याकडे आहे. त्यांनी पद सोडलेलं नव्हतं. मला हा शब्द कळला नाही. त्यांनी काही गैर केलं, असं मी समजलो.

मला वाटलं, झालं. अपर्णाताईंनाही वाटलं, त्यांनी लॅपटॉप मिटला. अरविंदरावांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचून घेतलं.

‘समजलो नको,’ ते म्हणाले. ‘समजून राहिलो होतो, असं लिही.’

‘हे कुठलं मराठी?’ वसंतराव सवयीनं बोलून गेले. ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत.’

‘तुमच्याकडे माणूस एकदा समजतो आणि मोकळा होतो. तू काय एक दिवस समजलास का? गणपतीत समजलास, दिवाळीत समजलास, माझ्या बायकोच्या तेराव्याला समजलास. रोज माझ्या शेजारी चालताना समजून राहिला होतास.’

वसंतराव अपर्णाताईंकडे बघायला लागले, जणू त्या शाळेतून परवानगी देणार होत्या. ताई म्हणाल्या, ‘बरोबर आहे. दुसरा शब्द नाही.’ नाशिकच्या बाईंच्या तोंडून हे ऐकून भय्यासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, पण त्या वेळी सेव-शेवेचा विषय काढण्याइतके तेही धीट नव्हते.

वसंतरावांनी ‘समजलो’वर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. खाली सही केली. सही मागितली नव्हती. मग विचारलं, हे त्या पुस्तकाच्या आवाजात बसेल का. मी कागद घडी करून खिशात ठेवला, छापखान्यात मी स्वतः देणार होतो आणि सांगणार होतो की रेघ मारलेला शब्दही रेघेसकट छापा.

निघताना जिन्याशी नेहमीसारखा प्रश्न आला. अरविंदरावांना पायऱ्या दिसत नाहीत. अहल्या पुढे झाली, पण त्यांनी हात दुसऱ्या बाजूला काढून धरला, हवेतच. वसंतराव दोन पावलांवर उभे होते. त्यांनी येऊन कोपराला धरलं, रोज धरतात तसं नाही, नव्या माणसाला धरावं तसं. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांनी विचारलं. वरून मला स्पष्ट ऐकू आलं.

‘अरविंद, तू मला माफ केलंस का?’

अरविंदरावांनी पुढच्या पायरीचा अंदाज घेतला, पाय टेकवला आणि म्हणाले, ‘ते सांगायचं नसतं ना? तुझ्याकडूनच कळलं मला.’

वसंतराव तिथेच थांबले. अरविंदरावांना पुढे जाता येईना. मागून अहल्या, तिच्या मागे पोह्यांची भांडी घेऊन खाली उतरणारे लोक, सगळे जिन्यावर खोळंबले. कोणी तरी खालून हाक मारली की चला लवकर, शटरवाल्याला गाडी काढायची आहे.

‘चल,’ अरविंदराव म्हणाले. ‘आणि नीट धर. आज तू मला पाडशील, असं वाटून राहिलं आहे.’

वसंतरावांनी दुसरा हातही पुढे केला आणि ते उतरू लागले.